दोन मिनिटं

घड्याळ मनगटावरून काढते, ट्रेमध्ये ठेवते.
काच तडकलीय. सेकंदकाटा अजून खरा आहे.

पलूसचं ग्रामीण रुग्णालय, ड्रेसिंगची खोली.
टेबलावर एकवीस दिवसांचा गडी,
मांडीवर लिंबाएवढं गळू, टरारलेलं.
केसपेपरवर नाव नाही,
नुसतं ‘गोदावरी खाडे यांचे बाळ’.
गोदावरी स्वतः एकोणिसाची असेल, पाटोद्याकडची,
टोळीबरोबर आलेली. कोपीतून थेट इथं.
पदराला पाचटाची कुसं तशीच.
विचारते, "लई दुखंल का वो?"

हे विचारायला
आम्ही पूर्वी आयांना आतच घेत नव्हतो.

मी नवी होते, मिरजेत शिकून आलेली,
टोपी कडक इस्त्रीची.
साहेब म्हणायचे, एवढ्याशा जिवाला काय कळतंय,
धरा घट्ट.
मी धरायची.
दोन्ही गुडघे एका मुठीत मावायचे.
भूल नाही, मलम नाही, दाराला आतून कडी.
बाळ निळं होईस्तोवर रडायचं
आणि मधेच एकदम गप्प.
बघा, विसरलं, आम्ही म्हणायचो.

विसरलं नव्हतं, दमलं होतं.
एवढा फरक कळायला माझी अर्धी नोकरी गेली.

आता किणीकर मॅडम आहेत, माझ्या लेकीहून लहान.
मलम लावून तास झाला.
वर बधिर करायची सुई आहेच, बारीक.
सुती धडप्यात हात छातीशी दुमडून
गुंडाळलाय त्याला, पोटात होता तसा.
गळवाचा पाय तेवढा बाहेर.
आणि गोदावरी उशाशी, स्टुलावर,
तिचं बोट त्याच्या मुठीत.

ड्रॉपर उचलते.
जिभेच्या टोकावर दोन थेंब.
कपाळाला आठी,
मग ओठांचा चंबू,
मग चुटूचुटू,
जणू जगात बाकी काही कामच नाही.

आता थांबायचं. पुरती दोन मिनिटं.
मॅडम हातमोजे घालून उभ्या, कुणी बोलत नाही.
खिडकीतून मळीचा वास येतो,
लांब कारखान्याचा भोंगा,
रस्त्यावर गाडीच्या बैलांच्या घंटा.
काटा सहावर.
ज्याला दोन मिनिटं थांबायला जमत नाही
त्यानं पातं हातात घेऊ नये, असं मला वाटतं.
मी बोलत नाही. रिटायर व्हायला चार महिने आहेत.

"काय दिलं त्याला?" गोदावरी.
"साखरेचं पाणी."
ती आपल्या तळहातांकडं बघते.
कोयत्याचे घट्टे, एक ओली चीर.
"म्हंजी आमचीच की," म्हणते,
आणि हसते. सकाळपासून पहिल्यांदा.

काटा बारावर आला. दुसऱ्यांदा.
सुई. थोडं थांबून पातं.
पू आला, पिवळा, मग लालसर.

रडला.
खोटं कशाला सांगू, रडला.
साखरेनं दुःख जात नाही,
जरा बोथट होतं.
पण हे रडणं वेगळं होतं:
तक्रारीचं. कुणीतरी ऐकतंय हे ठाऊक असलेलं.
पट्टी बांधून व्हायच्या आत तो तिच्या छातीला लागला,
हुंदके देत, मधेच पीत.

ती जुनी बाळं आता पस्तिशीच्या पुढची असतील.
सोमवारच्या बाजारात कुणी शेपू निवडत असेल,
कुणी मोटारसायकलला किक मारत असेल.
गाठून काय विचारू?
बाबा रे, तुझ्या मांडीवर व्रण आहे का?
गुडघ्यावर माझी बोटं आहेत का?

रजिस्टरमध्ये रकाने आहेत:
तारीख, वय, निदान, काय केलं, सही.
दुखण्याला रकाना नाही.
सहीच्या पुढं, समासात,
बारीक अक्षरात लिहिते,
‘आई जवळ होती. दोन मिनिटं थांबलो.’
ऑडिटवाला विचारेल, हे काय.
विचारू दे.